घड्याळाची किंमत आणि घड्याळाचे मोल

केवळ वेळ कळावी एवढ्याच हेतूने मनगटी घड्याळ घ्यावयाचे असेल, तर त्या खरेदीचा हिशेब आज मुळीच अवघड राहिलेला नाही. काही शे रुपयांना मिळणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांहून अधिक सहसा चुकत नाही. उलट, चावीचे किंवा स्वयंचलित स्विस घड्याळ दिवसाला सरासरी चार सेकंद मागे अथवा सहा सेकंद पुढे जात असले, तरी तेथील अधिकृत चाचणी संस्था त्याला 'क्रोनोमीटर' ही प्रतिष्ठेची पदवी बहाल करते. म्हणजे स्वस्त घड्याळ महिन्यात जितके चुकते, तितके महागडे घड्याळ दोन-चार दिवसांतच चुकले तरी ते उत्तम ठरते! त्यातच प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आल्यापासून मनगटावर घड्याळ बांधण्याची निकडही उरलेली नाही. असे असूनही जुनी आणि नवी यांत्रिक घड्याळे जमविण्याचा छंद ओसरण्याऐवजी वाढला आहे. पूर्वी तो धनिकांच्या दिवाणखान्यापुरता मर्यादित होता. आता तो शिक्षक, कारकून आणि नोकरीस नुकतेच लागलेले तरुण यांच्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. ज्याचा पगार ठरलेला आहे, त्याने या छंदात घातलेल्या पैशाचे चीज झाले की नाही, हे कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

गंमत अशी की, अर्थशास्त्राच्या आद्य आचार्यांनाही या प्रश्नाने मोह घातला होता. अॅडम स्मिथ यांनी १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिभावनांविषयीच्या ग्रंथात घड्याळाच्या शौकिनाचे उदाहरण दिले आहे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडणारे घड्याळ हा शौकीन दोन-तीन गिनींना विकून टाकतो आणि पंधरवड्यात मिनिटभरही न चुकणारे दुसरे घड्याळ पन्नास गिनींना विकत घेतो. तथापि एवढा खर्च केल्यानंतर तो गृहस्थ इतरांपेक्षा अधिक वक्तशीर होतोच असे नाही, असा स्मिथ यांच्या विवेचनाचा आशय आहे. मनुष्याला वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या अंगच्या नेटकेपणाचीच भूल अधिक पडते, हे मानवी स्वभावाचे मर्म त्यांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी घड्याळाच्याच निमित्ताने उलगडून दाखविले. उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतील सुप्रसिद्ध भेद त्यांनी १७७६ च्या ग्रंथात मांडला. घड्याळांच्या संग्रहाचा हिशेब या दोन मूल्यांच्या दरम्यानच कोठेतरी अडकून पडतो.

किंमत कशाची?

संग्राहक जी किंमत मोजतो, तिचे पृथक्करण केले तर तीत निदान चार घटक आढळतात. पहिला घटक आतील यंत्राचा. बाजारात त्यालाच 'मशीन' म्हणतात. दुसरा कारागिरीचा, म्हणजे केस, तबकडी, काटे आणि काच यांच्या घडणीचा. तिसरा नावाचा आणि चौथा दुर्मिळतेचा. यांपैकी पहिले दोन घटक डोळ्यांनी पाहता येतात व जाणकाराकडून तपासून घेता येतात. उरलेले दोन मात्र सर्वस्वी लोकांच्या मनात वसतात आणि लोकांचे मन पालटले की तेही पालटतात.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे अनेकांची फसगत होते. स्विस कंपन्यांच्या बाबतीत पाहावे. ईटा या स्विस कारखान्याचे '२८२४' हे स्वयंचलित यंत्र वर्षानुवर्षे कितीतरी निरनिराळ्या कंपन्यांच्या घड्याळांत बसविले गेले. यंत्राची जात एक. परंतु तबकडीवरील नावाप्रमाणे घड्याळाच्या किमती मात्र एकमेकींच्या कित्येक पट. त्या यंत्रातही बारकाव्याच्या प्रती असतात आणि केसच्या घडणीतही फरक असतो, हे खरे. पण किमतीतील सारे अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. उरलेली रक्कम नावाची असते. 'स्विस मेड' या दोन शब्दांचीही तीच कथा. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झाला, की इतर अटी पाळून हे शब्द तबकडीवर छापता येतात. उरलेले ४० टक्के कोठले, हे ती तबकडी सांगत नाही.

नावासाठी पैसे मोजू नयेत, असे यातून सुचवावयाचे नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हापासून हे सर्वमान्य आहे की, काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. तथापि आपण यंत्राचे पैसे देत आहोत की नावाचे, हे ग्राहकाला खरेदीच्या क्षणी उमगले पाहिजे. न उमगता दिलेली किंमत ही किंमत नव्हे, तो दंड होय.

एचएमटीची कहाणी

सामान्य भारतीय संग्राहकाच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे एचएमटीची घड्याळे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी घड्याळे बहुधा चोरट्या मार्गानेच येत. अशा काळात 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर', 'कांचन' अशा नावांच्या या घड्याळांनी मध्यमवर्गाच्या मनगटावर कायमचे ठाण मांडले. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला आणि सेवानिवृत्त होणाऱ्या मास्तरांना देण्याची वस्तू ती हीच. अंधांसाठी ब्रेल घड्याळ आणि देवनागरी अंकांची तबकडी हीदेखील या कारखान्याचीच देणगी.

क्वार्ट्झ तंत्राचा उदय झाल्यावर चित्र पालटले. जपानच्या सेइको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढील दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील कामगारांची संख्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास घसरली. एचएमटीने क्वार्ट्झ घड्याळ केले नाही असे नव्हे. १९८१ साली तिने ते बाजारात आणले. परंतु कंपनीचा भर यांत्रिक घड्याळांवरच राहिला. टाटा समूह आणि तामिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून निघालेल्या टायटनची घड्याळे १९८७ पासून दुकानांत दिसू लागली आणि एचएमटीची पीछेहाट सुरू झाली. हा व्यवसाय गुंडाळला जाणार, ही वार्ता २०१४ साली पसरली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

यापुढे जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. जी घड्याळे दुकानाच्या कपाटात धूळ खात पडली होती, ती बंद होण्याची बातमी येताच त्यांची मागणी एकाएकी उसळली. घड्याळात काही बदल झाला नव्हता. तेच १७ ज्वेलचे, चावीचे, रोज सकाळी पिळावे लागणारे यंत्र, तीच तबकडी. पालटली ती लोकांची धारणा. परंतु एखादी वस्तू बनावयाची बंद झाली म्हणजे ती दुर्मिळ झाली, हा समज भ्रामक आहे. एचएमटीने आपल्या आयुष्यात कोट्यवधी घड्याळे बनविली. घरोघरीच्या कपाटांत, ट्रंकांत आणि देव्हाऱ्याच्या खणांत ती आजही पडून आहेत. सर्वसामान्य 'जनता' घड्याळ जिव्हाळ्याचे असेल, टिकाऊ असेल. ते दुर्मिळ खचित नाही. दुर्मिळ आहे ते मूळ तबकडी, मूळ काटे आणि मूळ केस यांसह अविकृत राहिलेले घड्याळ. किंमत द्यावयाची ती या अविकृततेसाठी.

अज्ञानाचा बाजार

आणि येथेच खरी गोम आहे. अस्सल जुन्या घड्याळांचा साठा ठरलेला. कारखाना बंद, म्हणजे त्यात भर पडणे नाही. अशा स्थितीत मागणी वाढली तर किंमत वाढावी, हा नियम. परंतु प्रत्यक्षात वाढला तो पुरवठा! जुन्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून, तबकडीवर नवा भडक रंग चढवून, वर नाव छापून 'नव्यासारखी' घड्याळे विकण्याचा एक धंदाच उभा राहिला. कारखान्याने कधीही न काढलेल्या नारिंगी, जांभळ्या, पोपटी तबकड्या सर्रास दिसू लागल्या. परदेशातील संग्राहकांनी असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे. या शहराच्या लौकिकात त्याने भर पडते असे कोणी म्हणणार नाही.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. उत्तम वस्तूच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो निकस माल. पुढे २००१ साली ज्या कामगिरीबद्दल अॅकरलॉफ यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तिचा पाया हाच सिद्धांत होता. दीड हजार रुपयांत चकचकीत घड्याळ मिळाले म्हणून हरखून जाणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानी घ्यावे की, त्याने स्वस्तात घड्याळ घेतलेले नाही. त्याने महागात रंग घेतला आहे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. चकाकीची मागणी आहे म्हणून जुन्या तबकड्या खरवडल्या जातात. एक विक्रीयोग्य घड्याळ तयार करण्यासाठी दोन-तीन जुनी, कदाचित दुरुस्त होण्याजोगी घड्याळे मोडली जातात. एकदा खरवडलेली मूळ तबकडी पुन्हा निर्माण होत नाही. म्हणजे ग्राहकाची अभिरुची ही केवळ त्याच्या पैशाचाच निकाल लावीत नाही, तर जी वस्तू जतन करावी म्हणून तो पुढे आला, तिच्याच नाशाला ती कारणीभूत होते. पन्नास वर्षांपूर्वीची तबकडी किंचित पिवळसर झालेली असणे, काट्यांवरील चकाकणारा लेप काळवंडलेला असणे, केसवर बारीक ओरखडे असणे हा दोष नव्हे. ते वयाचे प्रमाणपत्र आहे. उलट काटे जुने आणि तबकडी कोरी, किंवा अक्षरांची छपाई जाड व वाकडीतिकडी असेल, तर खरेदीदाराने सावध व्हावे. पाठीमागचे झाकण उघडून यंत्र दाखविण्यास विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पुण्याचा जुना बाजार असो वा मुंबईचा चोर बाजार, मागचे झाकण उघडण्याचा आग्रह धरणारा ग्राहक हाच या व्यापाराला शिस्त लावू शकेल.

गुंतवणुकीचा भ्रम

अलीकडे या छंदाला 'गुंतवणूक' असे भारदस्त नाव देण्याची प्रथा पडली आहे. तिला खतपाणी मिळते ते लिलावांच्या बातम्यांतून. सिनेनट पॉल न्यूमन यांच्या मनगटावर असलेले रोलेक्स डेटोना घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथील एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप कंपनीच्या एका घड्याळाला ३ कोटी १० लाख स्विस फ्रँक मिळाले. हे आकडे वाचून आपल्याही मनगटावर ठेवपावती बांधलेली आहे, असे एखाद्याला वाटू लागते. परंतु पहिल्या उदाहरणात किंमत त्या नटाच्या कीर्तीची होती आणि दुसऱ्यात दानाची व एकमेवत्वाची. त्यांवरून सामान्य घड्याळाच्या भवितव्याचा अंदाज बांधणे म्हणजे सोडतीत नंबर लागलेल्या एका गृहस्थाकडे पाहून घरखर्चाचे अंदाजपत्रक आखण्यासारखे आहे.

करोनाच्या साथीनंतरच्या काळात तर काही निवडक स्विस घड्याळे दुकानातील छापील किमतीच्या कित्येक पट दराने जुन्या बाजारात विकली जात होती. २०२२ च्या आरंभी या दरांनी शिखर गाठले आणि त्यानंतर ते दीर्घकाळ उतरत राहिले. शिखरावर असताना ज्यांनी सुलभ हप्त्यांवर खरेदी केली, त्यांचे हप्ते मात्र उतरले नाहीत. घड्याळाला व्याज मिळत नाही, लाभांश मिळत नाही, भाडे मिळत नाही. त्याचा भाव वाढावयाचा तर आपल्याहून अधिक देणारा कोणी भेटला पाहिजे, एवढाच त्याचा आधार. या आधारावर पगारदाराने आपली शिल्लक सोडणे हे छंदाचे लक्षण नव्हे, ते सट्ट्याचे लक्षण आहे.

खरा हिशेब

मग योग्य हिशेब कोणता? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याने ४०,००० रुपयांना यांत्रिक घड्याळ घेतले. दर पाच वर्षांनी ते उघडून, साफ करून, तेल घालून घेण्यास ८,००० रुपये लागतात. दहा वर्षांत अशा दोन सर्व्हिसिंगचे १६,००० रुपये झाले. दहा वर्षांनंतर ते घड्याळ ५०,००० रुपयांना विकले गेले. मालक म्हणेल, दहा वर्षे वापरून वर दहा हजार सुटले! परंतु मध्यस्थाची १० टक्के दलाली जाऊन हाती आले ४५,००० रुपये आणि त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा केला की उरले २९,०००. तेच ४०,००० रुपये चक्रवाढीने ७ टक्के व्याजाने ठेवले असते, तर दहा वर्षांत सुमारे ७८,७०० रुपये झाले असते. सर्व्हिसिंगच्या रकमेवरील व्याज सोडून दिले, तरी दोहोंतील अंतर ४९,७०० रुपयांचे आहे. म्हणजेच या घड्याळाने मालकाला महिन्याला चारशे रुपयांहून थोडा अधिक खर्च लावला.

या आकड्याने दचकून जाण्याचे कारण नाही. किंबहुना या आकड्यानेच प्रश्न सरळ होतो. 'घड्याळावर नफा होईल काय?' हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. 'हे घड्याळ जवळ असण्याच्या आनंदासाठी दरमहा चारशे रुपये द्यावयास मी तयार आहे काय?' हा योग्य प्रश्न आहे. नाटकाचे तिकीट काढणारा रसिक त्यावर व्याजाची अपेक्षा ठेवीत नाही. त्याला आनंद मिळाला की पैसे वसूल. घड्याळाच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवली, तर कित्येक खरेद्या आपोआप रद्द होतील आणि ज्या उरतील त्या निःशंक मनाने करता येतील.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. देखभालीचा खर्च घड्याळाच्या किमतीवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो घड्याळांच्या संख्येवर असतो. दीड-दीड हजारांची दहा घड्याळे घेणाऱ्याला पंधरा हजारच लागले असे वाटते. परंतु दहा यंत्रांना दर काही वर्षांनी तेल-पाणी करावयाचे तर तो खर्च मूळ खरेदीला गाठतो. परिणामी ती सर्व्हिसिंगविना पडून राहतात आणि तेल वाळून त्यांचे भाग झिजतात. त्याऐवजी त्याच पैशात नीट तपासून घेतलेली दोन अस्सल घड्याळे आळीपाळीने वापरणारा मनुष्य अधिक सुखी आणि अधिक शहाणा ठरतो. संग्रहाची श्रीमंती खणातील नगांवरून ठरत नाही. त्यांतील किती घड्याळे चालू आहेत, यावरून ठरते.

कारागीर हेच भांडवल

शेवटी एका घटकाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. यांत्रिक घड्याळाचे मोल ज्याच्या हातावर टिकून आहे, तो म्हणजे डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळ-दुरुस्ती करणारा कारागीर. क्वार्ट्झ घड्याळांत बहुधा सेल बदलण्यापलीकडे काम उरले नाही, तेव्हापासून या कारागिरांचे उत्पन्न आटत गेले आणि त्यांची पुढची पिढी अन्य व्यवसायांकडे वळली. बाजारपेठेतील एखाद्या जिन्याखाली टेबल मांडून बसणारा असा वृद्ध कारागीर निवृत्त झाला, की त्या गावातील शेकडो घड्याळे एका अर्थाने निरुपयोगी होतात. मुख्य कमान तुटलेले अथवा बॅलन्सचा दांडा मोडलेले घड्याळ ज्याला दुरुस्त करता येते, असा मनुष्य नसेल तर लाखाचे घड्याळही केवळ दागिना उरते.

सर्व्हिसिंगच्या चार-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि त्याच वेळी रंगविलेल्या तबकडीवर हजारो रुपये उधळणारा संग्राहक म्हणूनच स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. पैशाचा मोबदला पाहावयाचा तर या छंदातील सर्वांत फलदायी खर्च नव्या खरेदीवरचा नसून, घरात आधीच असलेले, वडिलांनी किंवा आजोबांनी वापरलेले घड्याळ चांगल्या कारागिराकडून नीट करून घेण्यावरचा आहे. त्या घड्याळाची अस्सलता तपासावी लागत नाही, त्याचा इतिहास घरालाच ठाऊक असतो. बाजारात त्याला फार तर हजार-दोन हजार रुपये येतील. पण ते बाजारात न्यावयाचे नसल्यामुळे बाजाराच्या चढउतारांची त्याला बाधा नाही. ठरलेल्या पगारात हा छंद जोपासू पाहणाऱ्याने आपल्या संग्रहाचा प्रारंभ अशा घड्याळापासून करावा आणि त्यानंतरचे प्रत्येक घड्याळ घेताना त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्या शेजारात जे उणे वाटेल, ते कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.